पुरस्कार मिळाला, पण सिनेमा कुठं आहे?

सप्टेंबर आला की आपल्याकडे एक वाद हमखास पेटतो. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ऑस्करसाठी भारताचा एक सिनेमा निवडते आणि दुसऱ्या दिवसापासून ‘हाच का, तो का नाही’ यावर रणं माजतात. २०२४ साली तर कहर झाला. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे महिन्यात कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला होता. तब्बल तीस वर्षांनी भारतातला सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. फेडरेशननं मात्र ‘लापता लेडीज’ पाठवला आणि तो पहिल्या पंधरांतही आला नाही. त्या पंधरांत एक हिंदी सिनेमा होता, संध्या सुरींचा ‘संतोष’. तो पाठवला होता ब्रिटननं. पुढं आपल्याच सेन्सॉर बोर्डानं अडवल्यामुळे उत्तर भारतातल्या एका पोलीस शिपाई बाईची ती गोष्ट भारतातल्या थिएटरांत लागू शकली नाही.

या सगळ्या वादात मी मनापासून गुंततो, कारण सिनेमा हा माझ्या आयुष्याचा मोठा भाग आहे. पण मी राहतो खटकचिंचोळीला. भालकी तालुका, बिदर जिल्हा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, आणि तेलंगणाची हद्दही फार लांब नाही. इथं बसून हा वाद ऐकताना माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: यातला कुठला सिनेमा आम्हाला बघायला मिळणार आहे? ऑस्कर मोठा की कान मोठा, राष्ट्रीय पुरस्काराची निवड बरोबर की चूक, हे सगळं त्याच्यानंतरचं. पुरस्कार कुणी दिला याला मी दुय्यम मानतो. त्या पुरस्कारामुळे सिनेमा कुणाकुणापर्यंत पोचला, यावर त्याची किंमत ठरली पाहिजे. आणि या कसोटीवर आपले आजचे पुरस्कार, देशातले आणि परदेशातलेही, फार कमी पडतात.

पुरस्कार म्हणजे नुसती मिरवणूक, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पुरस्कारानं काय होऊ शकतं ते ‘राशोमोन’नं दाखवलं. १९५१ साली अकिरा कुरोसावांचा हा सिनेमा व्हेनिसला गेला तो स्टुडिओच्या हौसेनं नव्हे. जुलियाना स्त्रामिजोली या जपानमध्ये काम करणाऱ्या इटालियन बाईंनी तो पाहिला आणि तो पाठवायचा आग्रह धरला. आपला सिनेमा तिथं लागणार आहे याची खुद्द कुरोसावांना कल्पना नव्हती. त्याला गोल्डन लायन मिळाला आणि जपानी सिनेमाला जगाची दारं उघडली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५२ मध्ये, मुंबईत आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथं ‘राशोमोन’ होता, डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ज’ होता. बिमल रॉय यांनी इटलीतल्या त्या सायकल चोरीला गेलेल्या बापाला पाहिलं, आणि १९५३ साली कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारा शंभू शेतकरी आपल्याला ‘दो बिघा जमीन’मध्ये भेटला. त्या सिनेमाचाही पुढं कानमध्ये गौरव झाला. इटलीतून मुंबईत, मुंबईतून फ्रान्समध्ये अशी ही देवघेव चालली, ती सिनेमे माणसांना दिसले म्हणून. १९५२चा तो महोत्सव मुंबईत संपला नाही, तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. नव्यानं स्वतंत्र झालेल्या, हाती पैसा नसलेल्या देशाला तेव्हा वाटलं होतं की जगातला उत्तम सिनेमा गावोगाव नेला पाहिजे. २००४ पासून हाच महोत्सव, म्हणजे ‘इफ्फी’, पणजीत मुक्कामाला आहे. पुण्याचा ‘पिफ’ २००२ पासून चालतो. दोन्ही उत्तम आहेत. पण तिथं जायचं तर सुट्टी हवी, भाड्याला पैसे हवेत, आणि सबटायटल वाचण्याइतकं इंग्रजी हवं. आमच्याकडच्या बहुतेकांजवळ या तिन्हींतलं एखादं कमी असतंच.

मराठीची वाटचाल तर याहून जुनी आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला, आणि मग १९३७ साली व्हेनिसमध्ये त्याचा सन्मान झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी लोकांनी उचलून धरला, मग परदेशानं दखल घेतली. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला गेलं. त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट सिनेमाचा मान मिळायला पन्नास वर्षं लागली. तो ‘श्वास’नं आणला. मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. बाहेरही तेच चित्र. ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळाला, तोही मुलांच्या ज्युरीकडून. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. २०२५च्या जानेवारीत रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’नं सनडान्समध्ये ग्रँड ज्युरी पुरस्कार पटकावला. अभिमान वाटावा अशी ही यादी आहे आणि मला तो वाटतो. पण या सिनेमांपैकी किती सिनेमे सीमेपलीकडच्या मराठी माणसानं पडद्यावर पाहिले? १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्रात गेलं. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिलं. नाती तुटली नाहीत, लग्नं आजही दोन्हीकडे जमतात. सिनेमा मात्र त्या रेषेपाशी थबकतो. मराठी सिनेमा बघायचा तर लातूर किंवा सोलापूर गाठा. म्हणजे कामाचा एक दिवस मोडतो. त्यात मोठं नाव नसलेला सिनेमा एखाद्या आठवड्यातच उतरवतात.

पूर्वी असं नव्हतं, हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण एक काळ मी स्वतः पाहिला आहे. दूरदर्शनवर रविवारी दुपारी वेगवेगळ्या भारतीय भाषांतले सिनेमे लागत आणि त्यांत पुरस्कार मिळालेले पुष्कळ असत. गावात मोजके टीव्ही. ज्याच्या घरी तो असे त्याच्या ओसरीपर्यंत माणसं बसलेली. बंगाली, मल्याळम, ओडिया, असमिया, काहीही लागायचं. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी. भालकीला कॉलेजात जाणारा कुणी पोरगा असला तर तो त्या ओळी वाचून अर्थ सांगू लागायचा, आणि बायका त्याला गप्प करायच्या, कारण तो बोलला की पडद्यावरच्या बाईचं रडणं ऐकू यायचं नाही.

तिथंच आम्ही गिरीश कासरवळ्ळींचा ‘तबरन कथे’ पाहिला. पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेवरचा, १९८६चा, सुवर्णकमळ मिळवणारा कन्नड सिनेमा. तबर हा साधा सरकारी नोकर. निवृत्त होतो, पण पेन्शनचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. घरात बायकोला मधुमेह, तिच्या पायाची जखम चिघळत चाललेली. पैसे लवकर आले तर पाय जाईल पण जीव वाचेल, अशी वेळ. चारुहासन यांचा तबर ऑफिसात शिरताना आधी चपला काढावी की नको अशा विचारात पडल्यासारखा दबून उभा राहतो, साहेबाच्या मानेकडे बघत राहतो. मलनाडची कन्नड आमच्या बिदरी कन्नडहून वेगळी, अर्धे शब्द निसटत होते. तरी ओसरीवरचं एकही माणूस उठलं नाही. तालुका कचेरीत उतारा काढायला हेलपाटे घालणाऱ्या माणसांना तबर कळायला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मला अभिप्रेत असलेला पुरस्कार तो हाच. दिल्लीतल्या एका समितीनं एक सिनेमा निवडला आणि त्या निवडीच्या जोरावर तो आमच्या ओसरीपर्यंत आला. पुढं वाहिन्या वाढल्या, मालिका आल्या, ती रविवारची दुपार गेली. पुरस्कार चालूच राहिले, त्यांची संख्याही मोठी आहे, पण आता आमच्यापर्यंत येते ती फक्त वर्तमानपत्रातली यादी. २०२५ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा पुन्हा ‘श्यामची आई’ ठरला, सुजय डहाके यांचा. अत्र्यांच्या सुवर्णपदकानंतर सात दशकांनी साने गुरुजींच्या त्याच पुस्तकाला असा मान मिळाला, ही किती आनंदाची गोष्ट. आमच्याकडे ती बातमी म्हणून आली आणि बातमी म्हणूनच विरून गेली.

आता ऑस्करकडे येऊ, कारण सगळ्यांची नजर तिथं लागलेली असते. ऑस्कर हा अमेरिकन चित्रपट व्यवसायाचा स्वतःचा पुरस्कार आहे. त्यांनी तो आपल्या लोकांसाठी सुरू केला, आणि इतर देशांसाठी एक विभाग ठेवला. त्यात एका देशानं एकच सिनेमा पाठवायचा. एका भाषेच्या देशाला हा नियम ठीक आहे. डझनाहून जास्त भाषांत सिनेमे करणाऱ्या भारताला तो कधीच बसणारा नाही. मराठी, मल्याळम, कन्नड, तमिळ, बंगाली, हिंदी यांनी एकमेकांशी भांडून एक नाव काढायचं, मग ते तिकडे जाणार, आणि तिथल्या मतदारांनी तो सिनेमा पाहावा म्हणून आपण खर्च करायचा. ‘श्वास’ २००४ साली निवडला गेला तेव्हा त्या चमूला अमेरिकेतल्या प्रसिद्धीसाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनी खिशात हात घातला. मला त्या माणसांबद्दल अपार आदर आहे. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर त्याला एकदा जग डोळे भरून दाखवणाऱ्या आजोबांचा तो सिनेमा; त्याच्यासाठी कुणाचंही मन हललं असतं. पण तेवढीच माया, तेवढाच पैसा आणि तेवढीच धावपळ करून ‘श्वास’च्या तळाशी कन्नड ओळी घातल्या असत्या आणि तो बिदर, कलबुर्गी, रायचूरच्या शाळांत फिरवला असता, तर त्याचं आयुष्य लॉस एंजेलिसमध्ये वाढलं असतं त्याहून जास्त वाढलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर काहीजण म्हणतील, परदेशी पुरस्काराची हाव नको तर मग परदेशी सिनेमा तरी कशाला हवा? मला तो हवाच आहे, आणि आमच्या पोरांना तर नक्कीच हवा आहे. माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ मी शाळेतल्या मुलांना दाखवला. इराणचा, १९९७चा. तेहरानमधला अली बहिणीचे बूट हरवतो. घरात सांगायची सोय नाही, बापाकडे पैसे नाहीत. मग दोघं एकच जोड वापरतात: सकाळी ती घालते, ती धावत आली की गल्लीच्या कोपऱ्यावर बूट बदलून तो धावत शाळेला जातो. पुढं धावण्याची शर्यत येते आणि तिचं तिसरं बक्षीस असतं बुटांचा जोड. अलीला तिसरा यायचं आहे. पहिला नाही, दुसराही नाही. पोरांना फारसी कुठून येणार, इंग्रजी ओळी वाचायचा वेगही नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की बूट तिसऱ्या नंबराला आहेत. शर्यत रंगात आली तसा वर्ग उठून उभा राहिला. नेहमी धावणाऱ्याला ‘पळ, पळ’ म्हणतात. इथं अर्धी पोरं मराठीत ‘हळू, हळू!’ ओरडत होती आणि अर्धी कन्नडमध्ये ‘निधान, निधान!’ शेवटी धडपडत अली पहिला येतो. त्याला खांद्यावर घेतात, फोटो काढतात, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. आमच्या वर्गातही काहींच्या डोळ्यांत होतं.

हा सिनेमा ऑस्करच्या अंतिम पाचांत होता, जिंकला इटलीचा ‘लाइफ इज ब्यूटिफुल’. ते हरणं आमच्या पोरांच्या लेखी शून्य आहे. पण अलीच्या त्या चेहऱ्यात मला आपले पुरस्कारप्राप्त सिनेमे दिसतात: खांद्यावर घेतले, फोटो निघाले, आणि ज्यासाठी धावले ते प्रेक्षक काही मिळाले नाहीत.

आता तर सगळं मोबाइलवर आहे, मग अडचण कसली, असंही कुणी विचारील. अडचण भाषेची आहे आणि ती नीट बघायला हवी. ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला. माझ्या शेजारचा कन्नड मित्र अभंग आणि वचन दोन्ही गातो, ख्यालगायकीवर जीव टाकतो. गुरूच्या पायाशी उमेद झिजवणाऱ्या त्या गायकाची गोष्ट त्याच्याइतकी कुणाला भिडली असती? पण तळाच्या ओळी इंग्रजी, आणि इंग्रजी त्याला येत नाही. भारतात एका भाषेतला सिनेमा दुसऱ्या भाषेच्या माणसानं बघायचा तर मध्ये इंग्रजीला टोल द्यावा लागतो. सिनेमाची निवड करणारे, त्यावर लिहिणारे, महोत्सव भरवणारे सगळे इंग्रजी जाणणारे, म्हणून हा टोल कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे हा लोकशाहीर आरोपीच्या जागी बसलेला असतो आणि त्याच्याच खटल्याचं कामकाज त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत वाचलं जात असतं. वीरा साथीदारांनी तो शाहीर ज्या संयमानं उभा केला तो विसरता येत नाही. त्या सिनेमाला व्हेनिस मिळालं, सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला जायचा मान मिळाला. सीमाभागातला माणूस, जो एका भाषेत जगतो आणि दुसऱ्या भाषेत सही करतो, तो या सिनेमाचा सगळ्यात जवळचा प्रेक्षक होता. त्याच्यापर्यंत नेण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

कन्नडच्या बाजूनंही दार बंदच होतं. साठच्या दशकापासून कर्नाटकात इतर भाषांतले सिनेमे कन्नडमध्ये डब करायला अघोषित बंदी होती. तेव्हा कन्नड सिनेमा अशक्त होता, त्याला जगवण्याची तळमळ त्यामागं होती, हे मी मान्य करतो. पण पुढं ती भिंत झाली. २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगानं ही अडवणूक चुकीची ठरवली, तोवर कित्येक पिढ्या जगातला सिनेमा कन्नडमध्ये ऐकण्याला मुकल्या. ‘सैराट’सुद्धा इकडे ‘मनसु मल्लिगे’ या नावानं नव्यानं करावा लागला, त्याच रिंकू राजगुरूंना घेऊन. लोकांनी पाहिला, चांगलंच झालं. पण करमाळ्याच्या मातीतला, बर्लिनला दाखवलेला मूळ सिनेमा कन्नड ओळींसह लागला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

उलट बाजूला बघा. ‘तिथि’ हा राम रेड्डींचा सिनेमा मंड्याकडच्या खेड्यातल्या साध्या माणसांना घेऊन केलेला. शंभरी ओलांडलेला म्हातारा मरतो आणि अकराव्याच्या विधीपर्यंत मुलगा, नातू, पणतू आपापल्या नादात असतात. लोकार्नोत त्याला २०१५ साली दोन पुरस्कार मिळाले. मराठी खेड्यातल्या कुणालाही यातला प्रत्येक जण आपल्या भावकीतला वाटेल, पण मराठी ओळींसह तो कुठं बघायचा? चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ला २०२४ साली कानमध्ये विद्यार्थ्यांच्या विभागातलं पहिलं पारितोषिक मिळालं. गावचा कोंबडा म्हातारी पळवते आणि उजाडायचंच थांबतं, अशी कन्नड लोककथा, सोळा मिनिटांची. हा सिनेमा तयार झाला पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे जिथं प्रभात होती, जिथं ‘संत तुकाराम’ घडला त्याच आवारात. मराठी मुलखात शिकलेल्या कन्नड मुलानं जगात बाजी मारली, आणि मराठी प्रेक्षकासाठी त्याच्या तळाशी चार मराठी ओळी घालाव्यात असं कुणाला सुचलं नाही. कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ नव्यानं दुरुस्त करून २०२४ साली व्हेनिसमध्ये दाखवला. भालकीत कधी दाखवणार?

पुरस्काराचे सिनेमे रटाळ असतात, लोकांना नकोच असतात, हा आक्षेप मी जन्मभर ऐकत आलो आहे आणि मला तो मान्य नाही. तबरच्या वेळी ओसरी भरलेली होती, अलीच्या वेळी वर्ग उभा होता. लोकांना नको आहेत असं म्हणण्याचा अधिकार लोकांना दाखवल्यानंतर मिळतो.

म्हणून मागणं सोपं आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या प्रत्येक सिनेमाला किमान शेजारच्या भाषांतली सबटायटल देणं हा त्या पुरस्काराचाच भाग असावा, आणि त्याचा खर्च सरकारनं उचलावा. दूरदर्शननं रविवारची दुपार परत आणावी. महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारं सीमेवरून न्यायालयात भांडतात, त्यांनी निदान एकमेकांचे पाच-दहा सिनेमे दरवर्षी सीमेवरच्या तालुक्यांत फिरवावेत. पिफ आणि इफ्फी यांनी आपल्या यादीतले थोडे सिनेमे पणजी-पुण्याच्या बाहेर, जिल्ह्याच्याही खाली आणावेत. आणि सरकार हलेपर्यंत आपण वाट बघत बसू नये. पुण्या-मुंबईत, लातूरला, सोलापूरला ज्यांना दोन भाषा येतात अशा सिनेमावेड्यांनी दिग्दर्शकांना पत्रं लिहून परवानगी मागावी आणि सबटायटल लिहायला बसावं. आमच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही सहज लिहिणारी शिकलेली मुलं घरोघरी आहेत, त्यांना हे काम द्या. शाळेचा हॉल आहे, पडदा आहे, खुर्च्या कमी पडल्या तर सतरंजी आहे. चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांपासून सुरुवात करू. सिनेमा पाठवा, त्याच्या मराठी ओळी आम्ही लिहून देतो.